फ्रिजले खिडकीजवळची सीट

"...तं मंग मले स्टेपनीच्या जागी बांध ना बे! मागच्या दरवाजाले दोरीनं आवळ! टायरपेक्षा काही मी जड नाही, अन् शहात्तर वर्षं झाली, पंक्चर तं अजून एकदाही झाली नाही!"

असं म्हणलं मी. बस, एवढंच म्हणलं. अन् माहा नातू विक्की, सहा फूट उंचीचा घोडा, दोन्ही हात त्या फ्रिजवर ठेवून असा उभा राहिला, का जसं मी आता त्या फ्रिजले चावतेच... "आजी, समजून घे ना यार! फ्रिजले सॉकेट लागते, अन् सॉकेट मागच्या सीटपाशीच आहे!" ऐकलं तुम्ही? फ्रिजले सॉकेट लागते. मले काय लागते? मले काहीच लागत नाही! मी वायरीवर चालत नाही, माह्या पोटात कोणाच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या मावत नाहीत, म्हणून फ्रिजले खिडकीजवळची सीट अन् मी घरी! वाहवा! आता तुम्हीच सांगा, याच्यावर माणसानं बोलायचं का नाही? पण मी काही बोलली नाही. मले मुळात बोलायची सवयच नाही.

थांबा, मी मधातूनच सुरू झाली. तुम्हाले वाटन, बुढी फ्रिजवर काहून जळून राहिली. तं पहिल्यापासून ऐका.

आम्ही राहतो नागपुरात, बेसाले, चौथ्या माळ्यावर. मी इंदूबाई, माही सून मेघा अन् हा विक्की. पोरगा नोकरीपायी भिलाईले. विक्की मिहानमधी कॉम्प्युटरच्या कामावर. आठवड्याचे पाच दिवस खुर्चीवर बसून राहते, अन् बसून बसून त्याच्या अंगात एवढा जोर साचला, एवढा जोर साचला, का त्यानं मोठ्या चाकायची जीप घेतली. काहून? तं चिखलात चालवायले! आता बेसाले राहणाऱ्या माणसाले चिखल शोधायले जीप घेऊन जा लागते का हो? पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या फाटकाबाहेर पाय ठेवला का गुडघ्याइतका चिखल, घरपोच, फुकट! पण मी काही बोलली नाही.

दिवाळी झाली, अन् एका रविवारी याचे दोन दोस्त घरी आले. एक विक्रम, प्रताप नगरचा. पोट्टा गुणी, खोटं काहून बोलू, पण बोलणं असं का जसं रेडिओवर बातम्या लागल्या. "आजी, आम्ही एक मोहीम आखतोय." दुसरी नूपुर, तिच्या गळ्यात कॅमेरा. हे पोट्टी जे दिसन त्याचा फोटो काढते. माह्या चहाचा काढला, माह्या चपलायचा काढला, मी जांभई देली तं जांभईचाही काढला. तेव्हापासून चार रविवार, चार! आमच्या हॉलमधी यायच्या बैठका. चहा मी करायची, पोहे मेघा करायची, अन् मोहीम हे करायचे.

कशाची मोहीम? तं बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेनं जीप न्यायची. म्हणजे तिथं रूळ नाही, गाडी नाही, स्टेशन नाही, रस्ता तं नाहीच नाही... जिथं काहीच नाही तिथं जायची एवढी तयारी मी जन्मात पाहिली नाही! दोर आले. लोखंडी आकडे आले. चार प्रकारच्या बॅटऱ्या आल्या. उडता कॅमेरा आला, त्यानं आमच्या गॅलरीतली वाळत घातलेली साडी नेली, तिसऱ्या माळ्यावरून मागून आणा लागली. एक पिशवी तं निव्वळ बाकीच्या पिशव्या ठेवायले! अन् टी-शर्ट! टी-शर्टचा रंग कोणता, याच्यावर दोन रविवार गेले. मातकट का शेवाळी? शेवाळी का मातकट? मी चहा ठेवता ठेवता म्हणलं, "पहिले रस्ता तं ठरवा रे, टी-शर्ट घालून कुठी जाता ते तं सांगा!" तं विक्की म्हणते, "आजी, तू टेन्शन नको घेऊ." नाही घेतलं. मी काही बोलली नाही.

मंग कळलं लाईन कोणती. अन् माह्या हातातली गाळणी तशीच राहिली.

पारशिवनीच्या पल्याड मँगनीजच्या खाणीले एक छोटी लाईन जायची. दोन डबे माणसायचे, बाकी वॅगनी मालाच्या. बंद होऊन जमाना झाला, रूळ बी उपटून नेले. ते लाईन. माही लाईन!

माही म्हणजे माह्या बापानं आंदण देली नव्हती, सरकारचीच होती. पण आमचे नत्थूजी तिथं चाबीवाले होते. नवऱ्याचं नाव घेते मी, लाजत नाही, तो बी माहं चारचौघात घ्यायचा. चाबीवाला म्हणजे कुलपं विकणारा नोहे! रूळ स्लीपरवर घट्ट बसावा म्हणून त्याच्या बगलेत लोखंडाची चाबी ठोकलेली राहते. गाडी गेली का हादऱ्यानं ढिली होते. तं चाबीवाल्यानं रोज सकाळी हातोडा खांद्यावर घेऊन निघायचं, तीन मैल जायचं, तीन मैल यायचं, ढिली दिसली का ठोकायची. ऊन असो का पाणी. हद्दीच्या टोकावर पलीकडचा चाबीवाला रामाजी भेटायचा, दोघं तिथं बसून एक एक बिडी ओढायचे, अन् आपापल्या वाटेनं वापस. हे नोकरी.

मी शाळेची पायरी नाही चढली. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेले गेली होती, सात वर्षांची. शिका म्हणून सगळ्यायनं कान देऊन ऐकलं, अन् घरी येऊन बापानं भावाले शाळेत टाकलं, मले म्हशीमागं. तं मी वाचायले लाईनीवर शिकली. लाईनीच्या कडेनं पाटी राहते ना, पिवळी, त्यावर 'सी/फा', म्हणजे पुढं फाटक आहे, सीटी वाजव. तो माहा पहिला धडा. लोकायचं अ-आ झालं, माहं सी अन् फा झालं! मंग मैलाचे आकडे, मंग वॅगनीवरची नावं, मंग नत्थूजीचं रेल्वेच्या नियमायचं पुस्तक. ते पुस्तक त्यायनं उशाले घेतलं, मी वाचलं.

अन् एका पावसाळ्यात नत्थूजीले हिवताप आला. असा ताप, का खाट हालायची. नोकरी कच्ची. खाडा पडला का नाव कटलं. दोन लेकरं, तिसरं पोटात. काय करता? त्यायची निळी कमीज घातली, धोतराचा काष्टा मारला, डोक्याले फेटा गुंडाळला, हातोडा घेतला अन् निघाली. रोज सहा मैल. एकोणीस दिवस.

पहिल्याच दिवशी टोकावर रामाजी बसून होता. त्यानं वरपासून पाहत पाहत खाली माह्या पायापर्यंत पाहिलं... जोडवे काढायचेच विसरली होती मी! पाहून काय म्हणे, "नत्थू, तुह्या पायात चांदी कवापासून आली गा?" अन् त्या माणसानं सवयीनं खिशातून बिडी काढली अन् मले देली. बस. पुढं एक शब्द नाही, कोणापाशी नाही, मरेपर्यंत नाही. रोज एक बिडी द्यायचा. मी काही ओढत नाही, मी कानावर ठेवायची अन् घरी नत्थूजीले नेऊन द्यायची. एकोणीस दिवसायच्या एकोणीस बिड्या.

अकराव्या दिवशी नाल्यापाशी पाहते तं पाण्यानं रुळाखालची गिट्टी पुरी नेलेली, रूळ अधांतरी, जसं दोरीवर पायजामा. अन् तिकून गाडीची सीटी! लाल झंडी घेऊन धावली मी, पोट सांभाळत, गिट्टीवरून, चिखलावरून. गाडी थांबली. ड्रायव्हर वाकून वरडते, "काय झालं बे नत्थू!" आता तोंड उघडलं तं आवाज बाईचा! मी नुसता हात केला. आठवड्यानं साहेब आला, रजिस्टर काढलं, लिहिलं का नत्थूनं हुशारीनं गाडी वाचवली. नोकरी पक्की झाली. साहेब बाहेर ओट्यावर लिहून राहिला तवा नत्थू घरात गोधडीत दात वाजवून राहिला होता! अन् मी दाराआड उभी. अन् तेव्हा, तुम्हाले सांगते, तेव्हा मी खरंच काही बोलली नाही.

जाऊ द्या. कुठली कुठी गेली मी.

तं लाईन कळली त्याच रविवारी मी विक्कीले म्हणलं, "बापू, मले घेऊन चाल. रामाजीचा पोरगा चंद्रभान तिथंच शेती करते, तो सांगून राहिला, का रस्त्याच्या कामासाठी लाईनीचा मुरूम खोदून नेऊन राहिले. आपला तुकडा उन्हाळ्यापर्यंत राहन का नाही त्याचा भरोसा नाही. एक वेळ पाहू दे." तं विक्की म्हणते, "हो आजी, पाहू ना." जिनं पन्नास वर्षं संसार केला त्या बाईले 'पाहू ना' चा अर्थ सांगा लागत नाही.

तिसऱ्या रविवारी पोस्टर झालं. नूपुरनं केलं. जीप, धूळ, मागं सूर्य, अन् वर मोठ्या अक्षरात, 'इतिहासात पहिल्यांदाच! हरवलेल्या रेल्वेमार्गावर!' मी चष्मा लावून वाचलं. वाचता येते ना मले! म्हणलं, "पहिल्यांदाच? मंग मी काय उडत गेली होती?"

विक्की म्हणते, "आजी, तू पायी गेली होती. आम्ही गाडीनं पहिल्यांदा!"

"अबे रेल्वेच्या लाईनीवर गाडीनं पहिल्यांदा? मंग इतके वर्षं तिथून काय धावत होतं, बकऱ्या?"

विक्रम हसला, अन् मंग विक्कीनं पाहिलं म्हणून हसायचा थांबला. विक्की म्हणे, "आजीची ते जुनी स्टोरी आहे, आबाजीच्या कमीजची. मस्त स्टोरी आहे." स्टोरी! नूपुर म्हणे, "आज्जी, किती क्यूट!" क्यूट! पोटुशी बाई रेल्वेसमोर धावली ते क्यूट! पण पाहुण्याची पोर, मी काही बोलली नाही. फक्त तिच्या चहात साखर टाकली नाही.

अन् मंग चौथा रविवार. विक्रमनं लॅपटॉप टीव्हीले जोडला अन् नकाशा लावला, सॅटेलाईटचा. वरून काढलेला फोटो अन् त्यावर लाल रेघ. काठी घेऊन उभा राहिला, मास्तरसारखा, माहीच काठी होती ते. "हा बघा संपूर्ण मार्ग. किती स्पष्ट दिसतोय! उंच भराव, कडेनं झाडं, आणि हा मधला खोलगट पट्टा बघा. हेच ते रेल्वेचं कटिंग. रविवारचा मुक्काम इथेच. तंबू खाली पट्ट्यात लावायचे, म्हणजे वाराही लागणार नाही."

मी पोह्यायची ताटली खाली ठेवली. टीव्हीपाशी गेली. पाहिलं. आणखीन जवळ गेली. ती लाल रेघ टेकडीपाशी येते अन् कशी जाते? तं टेकडीले वळसा घालून! अशी अदबीनं, जशी नवी सून सासऱ्याले टाळून जाते.

म्हणलं, "हे लाईन नोहे."

"आजी," विक्रम म्हणते, "हे सॅटेलाईट आहे. ते चुकत नाही."

"सॅटेलाईट नाहीच चुकला बापू! त्यानं बरोबरच दाखवलं. हे लाईन आहे असं त्यानं सांगतलं का तुले? रेल्वे टेकडीले पाहून वळत नाही, ते टेकडी फोडून मधातून जाते. वळसे घालत जाते ते पाणी! हे पेंच धरणाची नहर आहे, कालवा! फोटो उन्हाळ्यातला, नहर कोरडी, म्हणून तुले खोलगट पट्टा दिसून राहिला. लाईन टेकडीच्या त्या बाजूनं आहे."

विक्की म्हणे, "आजी, आम्ही महिनाभर रिसर्च केला ना यार."

"अन् मी एकोणीस दिवस हातोडा ठोकला."

नाही ऐकलं. कोण ऐकते? मंग मी गुपचूप चंद्रभानले फोन लावला अन् आवाज मोठा केला. तिकून तो वरडते, "काकू, जोरात बोला! पाण्याच्या टाकीवर चढलो आहे! गावात रेंज नाही, अन् लाईनीच्या कटिंगमधी तं नावालेही नाही!" म्हणलं, "चंद्रभान, हे पोट्टे पुढच्या रविवारी नहरीच्या पोटात तंबू ठोकून झोपून राहिले." तं तिकून आधी काहीच आवाज नाही. मले वाटलं टाकीवरून पडला. मंग म्हणते, "काकू, सोमवारी पहाटे गव्हाले पाणी सोडून राहिले ना! रविवारी इथं झोपले, तं सोमवारी आपोआप पुढच्या गावी उठतीन!"

विक्रमनं माही काठी हळूच भिंतीले टेकवून ठेवली. नूपुरनं पहिल्यांदा कॅमेरा खाली केला. अन् विक्की उठला, अन् स्वतःची खुर्ची सरकवून म्हणते, "आजी... बस ना." चौथ्या रविवारी, माह्याच घरात, मले खुर्ची भेटली!

अन् मंग दोन तास यायनं मले पिळलं. लाईन कुठून सुटते, नाला कुठी, फाटक कुठी, कटिंग कुठी, तीन बांध एकमेकायच्या बाजूनं जातात त्यातला आपला कोणता... मी सांगून राहिली, विक्रम टाईप करून राहिला. मी म्हणलं, "फाटकापासून नाला एका बिडीवर, चालता चालता एक बिडी संपन तेवढा. नाल्यापासून कटिंग दोन बिड्यांवर." तं त्याचे हात थांबले. "आजी, साधारण एक बिडी म्हणजे किती मीटर?"

"कोणाची बिडी? नत्थूजीची का रामाजीची? रामाजी हळू ओढायचा."

लिहिलं त्यानं! देवाशप्पथ... म्हणजे आम्ही देवाची घेत नाही, पण लिहिलं त्यानं! 'बिडी, अंदाजे सरासरी.' मी म्हणलं, "बापू, हे मोजमाप माह्या तोंडात नाही, पायात आहे. मले तिथं उभी कर, पाय सांगतात." तं सगळे म्हणे हो हो, बरोबर आहे, हो हो. या 'हो हो' वर मी आठवडाभर खुश राहिली. मूर्ख कोण? मी! लिहून घ्या. अंदाजे नाही, पक्कं.

आज शनिवार. उद्या पहाटे निघायचं. मी दुपारी चारपासूनच तयार. पिशवी भरली. गोळ्या, लुगडं, कानटोपी, अन् एकदम तळाले ते निळी कमीज. हो, आहे अजून. हातोडा सरकारनं वापस घेतला, कमीज मी नाही देली. गुडघ्याले तेल लावून बसली. संध्याकाळी तिघं फ्रिज घेऊन आले. लहानसा, काळा, चाकं लावलेला, विक्रमच्या जीजाजीचा. अन् विक्कीनं दारावर छापील कागद चिकटवला. 'टीम.' मी चष्मा लावला. एक, विक्की, चालक. दोन, विक्रम, दिशादर्शक. हो, हो, नहरीवाला! तीन, नूपुर, कॅमेरा. चार, फ्रिज.

चार, फ्रिज!

अन् पार खाली, मुंगीच्या अक्षरात, 'विशेष आभार : आजी.'

नाव बी नाही हो! आजी! कोणाची आजी? नागपुरात आज्या काय कमी पडल्या? तुम्हाले सांगते, एक वेळ रजिस्टरमधी माह्या जागी नवरा लिहिला गेला, चाललं. तो आजारी होता, अन् माहा होता. आता माह्या जागी फ्रिज! विक्रमच्या जीजाजीचा!

तिथून हे सुरू झालं. स्टेपनीचं मी सांगतलंच तुम्हाले. त्याच्यावर विक्की म्हणते, "आजी, रस्ता कसा आहे माहीत आहे का तुले?" मले विचारते! मले! रस्ता कसा आहे! विक्रम म्हणते, "आजी, धक्के बसतील, तुमच्या कंबरेचा विचार करा." अन् याच्या स्वतःच्या कंबरेले पट्टा, खुर्चीवर बसून बसून आलेला! मेघा स्वयंपाकघरातून धावत आली, "आई, बीपीची गोळी घेतली का?" या घरात बाई खरं बोलली का पहिले तिचं बीपी मोजतात. म्हणलं, "मेघा, तू सांग वं, मी जाऊ का नाही?" तं बिचारी एक वेळ पोराकडं पाहते, एक वेळ माह्याकडं, अन् म्हणते, "कुकरची शिट्टी झाली वाटते." शिट्टी झाली नव्हती. कुकर लावलाच नव्हता.

म्हणलं, "काय आहे या फ्रिजमधी एवढं?"

"मसाला लावलेलं चिकन आहे आजी. गरम झालं तं खराब होते."

"अबे चंद्रभानच्या अंगणात कोंबड्या जित्या फिरतात! त्यायले सॉकेट लागत नाही! एक रात्र मसाला लावलेलं चिकन नाही खाल्लं तं मोहीम बुडते का?"

"तसं नाही ना आजी..."

"मंग कसं? मागं ठेव फ्रिज!"

"मागं तंबू आहेत."

"तंबू टपावर बांध!"

"टपावर शिडी आहे."

"शिडी कशाले?"

"... टपावर चढायले."

ऐका! ऐका हो! टपावर शिडी, कशाले, तं टपावर चढायले! असे हे लोक रेल्वे शोधायले निघाले!

अन् मंग नूपुर, तिचे डोळे एकदम चमकले, टाळी वाजवून म्हणते, "आपण आज्जींना व्हिडिओ कॉलवर घेऊया ना! त्या इथून सांगतील, आपण तिथून दाखवू! लोकांना खूप आवडेल!" तं विक्कीच्या जिवात जीव आला. "हो ना आजी! बेस्ट! तू सोफ्यावर आरामात बस, पाय वर घेऊन. आम्ही अडलो का तुले विचारतो. तू सांगजो ना." विक्रम म्हणते, "आजी, म्हणजे तुम्ही आमच्या सोबतच असाल की." सोबतच! चंद्रभान टाकीवर चढून रेंजचं काय वरडला, ते तिघांपैकी एकाच्याही डोक्यात राहिलं नव्हतं. टी-शर्टचा रंग राहिला डोक्यात.

मी सांगू शकत होती. तोंडावर आलंही होतं. पण मले वाटलं, जाऊ दे. बोलून बोलून माणसानं किती बोलावं? एकोणीस दिवस नाही बोलली, तं नोकरी पक्की झाली. चार रविवार बोलली, तं विशेष आभार भेटले. मी चूप झाली. तिघायलेही वाटलं बुढी मानली. विक्की तं लाडात आला, खांद्यावर हात ठेवून म्हणते, "पाहा, माही आजी किती समजदार आहे."

मी पिशवी उघडली. गोळ्या काढल्या, कानटोपी काढली, तळातून नत्थूजीची निळी कमीज काढली. झटकली. अन् तिघायच्या समोर त्या फ्रिजच्या अंगात घातली. बाह्या मागून बांधल्या. वरची गुंडी लावली. "हे काय करून राहिली आजी?" विक्की म्हणते. ड्युटीवर जाणाऱ्याले कपडे लागतात, दुसरं काय! नीट बसली कमीज, ढेरीवर थोडी ताणली. मंग मी काठी घेतली, सोफ्यावर बसली, पाय वर घेतले, अन् एक वाक्य बोलली. आवाज नाही चढवला. त्याच्यानंतर तो टीमचा कागद दारावरून कोणी उतरवला ते मी पाहिलंच नाही, मी डोळे मिटून होती. वाक्य साधंच होतं :

"जा बापू, यालेच घेऊन जा, अन् कटिंगमधी वाट हरपली का यालेच विचारजा, रामाजीची एक बिडी म्हणजे किती लांब."